तासाला गणित नेमके कोण करते?

प्रश्न : (पत्रलेखिकेच्या विनंतीवरून नाव, गाव आणि महाविद्यालयाचा उल्लेख टाळून पत्राचा सारांश देत आहोत.)

धुळे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी या भगिनी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवतात. त्या एम.एस्सी. आणि सेट उत्तीर्ण आहेत. प्रथम वर्षाला कॅल्क्युलस आणि तृतीय वर्षाला रिअल अ‍ॅनालिसिस हे विषय त्यांच्याकडे आहेत. त्या लिहितात : ‘मी प्रत्येक तासाची पूर्ण तयारी करून जाते. फळ्यावर एकही पायरी गाळत नाही. समजले का, असे विचारले की सगळे हो म्हणतात आणि चाचणीत तेच उदाहरण आकडे बदलून दिले की पाने कोरी येतात. प्रॅक्टिकलला मुले मागच्या वर्षीचे जर्नल समोर ठेवून उतरवतात. कापूस वेचणी सुरू झाली की वर्ग निम्मा होतो. प्राचार्यांना निकाल हवा आहे. विभागातील ज्येष्ठ सर म्हणतात, क्वेश्चन बँक द्या आणि मोकळ्या व्हा. मध्यंतरी मी मुलांना गटात बसवून उदाहरणे सोडवायला लावली, तर मॅडम शिकवत नाहीत अशी तक्रार विभागप्रमुखांकडे गेली. जळगावच्या एका खासगी क्लासने सीईटीच्या बॅचसाठी बोलावले आहे आणि मानधन इथल्या दुपटीहून जास्त आहे. नव्या शैक्षणिक वर्षाआधी त्यांना उत्तर द्यायचे आहे. मुलांचा पायाच कच्चा असेल, त्यांना रसच नसेल, तर मी चांगले शिकवून काय उपयोग? आपल्या भागातली मुले गणिताची नाहीतच, असे आता वाटू लागले आहे. मी इथे राहावे की जावे?’

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतून आले आहेत. एक शिकवण्याचा आहे आणि दुसरा नोकरीचा. क्लासला होकार द्यायचा की नाही, हा निर्णय तुम्ही ‘इथली मुले शिकणारच नाहीत’ या निष्कर्षावर उभा करू पाहत आहात. म्हणून आधी तो निष्कर्ष तपासून पाहू आणि नोकरीचे शेवटी बोलू. मानधनासाठी नोकरी सोडण्यात गैर काहीच नाही. मात्र मुलांविषयीचे हे मत सोबत घेऊन जाऊ नका, कारण क्लासमध्येही तुमच्यासमोर याच जिल्ह्यांतील मुले बसणार आहेत.

तुमच्या तासाचे वर्णन मी पुन्हा एकदा वाचले. तयारी तुम्ही करता, उदाहरण तुम्ही निवडता, पायऱ्या तुम्ही लिहिता, पुढची पायरी हीच का घ्यायची हेही तुम्हीच सांगता आणि शेवटी ‘समजले का?’ असे विचारणाऱ्याही तुम्हीच असता. या पूर्ण तासात विद्यार्थी उतरवून घेण्याखेरीज काय करतात, याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. म्हणजे त्या वर्गात गणित करणारी व्यक्ती एकच आहे, आणि तिला ते आधीपासून येते. मुलांचे ‘हो’ खोटे आहे असे मी म्हणत नाही. समोर कोणी नीटनेटकी सिद्धता मांडत असेल तर प्रत्येक पायरी पटत जाते आणि पटणे हे येण्यासारखेच भासते. पण पहिली पायरी स्वतः शोधायची वेळ त्यांच्यावर प्रथम येते ती चाचणीच्या दिवशी, गुणांची टांगती तलवार डोक्यावर असताना. पान कोरे राहते याचे मग नवल वाटायला नको.

आता पाया. ‘पाया कच्चा आहे’ हे वाक्य आपल्याकडे इतके सरावाचे झाले आहे की ते उच्चारले की पुढची जबाबदारी संपली असे वाटते. पदवीचा प्राध्यापक बारावीकडे बोट दाखवतो, बारावीचा शिक्षक दहावीकडे आणि दहावीचा प्राथमिक शाळेकडे. तक्रार खोटी नाही. सीईटीसाठी चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव केलेल्या मुलाने सलग दहा ओळींचा युक्तिवाद कधी लिहिलेलाच नसतो. परंतु नेमके काय कच्चे आहे, हे सांगता आले नाही तर त्या तक्रारीचा उपयोग होत नाही.

तृतीय वर्षाचे नेहमीचे उदाहरण घेऊ. १/२, २/३, ३/४, ४/५ … या क्रमिकेची (ओळीने येणाऱ्या संख्यांची) सीमा १ आहे, म्हणजे तिची पदे १ च्या हवी तितकी जवळ जातात, हे व्याख्येवरून सिद्ध करायचे आहे. क्रमिकेचे एनवे पद आणि १ यांतील अंतर १/(एन + १) इतके येते, आणि ते एप्सिलॉनपेक्षा, म्हणजे आधी दिलेल्या कितीही लहान धन संख्येपेक्षा, लहान करायचे असते, तेही एका ठरावीक पदाच्या (‘कॅपिटल एन’च्या) पुढे सगळीकडे. तुम्ही तीन वह्या शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वहीत १/(एन + १) < एप्सिलॉन यावरून पुढच्या ओळीत एन + १ < १/एप्सिलॉन असे लिहिलेले असेल. म्हणजे या मुलाला एप्सिलॉनने अडवलेलेच नाही, व्यस्त घेतल्यावर असमतेचे चिन्ह उलटते एवढेच तो विसरला आहे. दुसरीत एन > (१/एप्सिलॉन) − १ इथपर्यंत सगळे बरोबर असेल आणि मग पान थांबलेले असेल, कारण समीकरणाला जसे एकच उत्तर असते तसे कॅपिटल एन हेही एकच ‘उत्तर’ असणार अशी त्या मुलीची समजूत आहे आणि ते उत्तर कोणते, हे तिला ठरवता येत नाही. तिसरीत सगळ्या ओळी असतील, पण सुरुवातच ‘असा एक कॅपिटल एन घेऊ की प्रत्येक एप्सिलॉनसाठी…’ अशी झालेली असेल, म्हणजे एप्सिलॉन आधी आणि एन नंतर हा क्रमच उलटलेला असेल. पहिली अडचण पंधरा मिनिटांत सुटते, दुसरीला एक चर्चा लागते आणि तिसरीला काही आठवडे लागतात. गुणपत्रकात मात्र तिघांनाही शून्य किंवा एक गुण पडतो आणि तिघांच्याही नावापुढे आपण ‘पाया कच्चा’ असे लिहून मोकळे होतो.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांची, नाव न लिहिता सोडवायची आणि गुण नसलेली एक प्रश्नपत्रिका द्या. |क्ष − ३| < २ हे संख्यारेषेवर दाखवा; क हा ख पेक्षा लहान आणि दोन्ही धन असतील तर १/क मोठा की १/ख; एका आलेखावरून फल कुठे वाढते आणि कुठे घटते ते सांगा; एवढे प्रश्न पुरेत. त्यात आणखी एक घाला : ‘वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याकडे सायकल आहे, हे विधान खोटे ठरवायचे असेल तर काय दाखवावे लागेल?’ पुष्कळ मुले ‘कोणाकडेच सायकल नाही’ असे लिहितील. हीच मुले पुढे ‘क्रमिका अभिसारी नाही’ (तिला सीमा नाही) हे सिद्ध करताना अडखळतात. ते कशामुळे अडखळतात, हे तुम्हाला जुलैतच कळलेले असेल, नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागणार नाही.

मुलांना रस नाही, या तुमच्या दुसऱ्या गृहीतकाबाबत एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत होते. तिथल्या प्राध्यापकांनी दिलेली कारणे आपल्या स्टाफरूममध्ये ऐकू येतात तीच होती : इच्छा नाही, शाळेतली तयारी कमी, घरून पाठबळ नाही, गरिबी. उरी ट्रीसमन यांनी ती कारणे तशीच मान्य करण्याऐवजी विद्यार्थी प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात ते जवळून पाहिले, आणि ती चारही कारणे परिस्थितीशी जुळेनात. मागे पडणारी मुले मेहनत घेत होती, पण एकेकटी. त्याच वर्गात उत्तम गुण मिळवणारी चिनी वंशाची मुले आधी स्वतंत्रपणे उदाहरणे सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांच्या वह्या तपासत. ट्रीसमन यांनी कार्यशाळा सुरू केल्या, त्या कच्च्या मुलांसाठीच्या ‘जादा तासां’सारख्या नव्हत्या. त्यांत मुद्दाम अवघड उदाहरणे ठेवली आणि ती एकत्र बसून सोडवायची होती. त्या कार्यशाळांत आलेल्या मुलांचे निकाल लक्षणीय सुधारले.

तुमच्या विद्यार्थ्यांकडे या दृष्टीने पाहा. दुपारची एसटी पकडून ती आपापल्या गावी जातात. घरात त्यांच्याआधी विज्ञान शाखेची पदवी घेतलेले बहुधा कोणी नसते. गावात त्याच वर्गातला दुसरा विद्यार्थी असेलच याची खात्री नसते. दुसऱ्या कोणासोबत बसून गणित करता येईल अशी त्यांच्या दिवसातली एकमेव जागा तुमचा वर्ग आहे, आणि तिथे आपण त्यांना गप्प बसून उतरवून घ्यायला सांगतो.

‘आपल्या भागातली मुले गणिताची नाहीत’ हे वाक्य तुमच्या हातून वैतागाच्या भरात लिहिले गेले असावे असे मी मानतो. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला, पाटणादेवीच्या परिसरात, इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले, अशी नोंद त्यात आहे. शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्या पेठेतल्या खरेदी-विक्रीवरचे कोणते हक्क मठाला दिले, हे त्यात सांगितले आहे. भास्कराचार्य मूळचे कुठले, यावर ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी खुशाल घालावा. मला त्या शिलालेखात वेगळीच गोष्ट मोलाची वाटते : गणित शिकवायचे तर त्यासाठी जागा, माणसे आणि पैसा यांची तजवीज करावी लागते, हे आठशे वर्षांपूर्वी खान्देशातल्या लोकांना ठाऊक होते. मुलांच्या रक्तात गणित असते किंवा नसते, या चर्चेत ते पडले नाहीत.

तुम्ही नेमके काय करावे, याकडे आता वळतो. सगळे तास एकदम बदलू नका. मागच्या वेळी तक्रार झाली त्यामागे ते एक कारण असावे. सुरुवात प्रॅक्टिकलपासून करा. नव्या श्रेयांक पद्धतीत थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास मिळतात, तर प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. बॅच लहान असते, पोर्शनचा तगादा तिथे कमी असतो आणि मुलांनी स्वतः काही करावे अशी अपेक्षा त्या नावातच आहे. असे असूनही आपल्याकडे गणिताचे प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल उतरवणे आणि त्यावर सही घेणे एवढेच उरले आहे. सर्वांत जास्त वेळ जिथे उपलब्ध आहे तिथेच तो सर्वांत जास्त वाया जातो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

वरचीच क्रमिका प्रॅक्टिकलला कशी घेता येईल ते सांगतो. मुलांच्या जोड्या करा. एकाने एप्सिलॉन मागायचा आणि दुसऱ्याने असा कॅपिटल एन द्यायचा की त्याच्या पुढचे प्रत्येक पद १ पासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असेल. पहिला ०.०१ म्हणेल. कोणी ९९ देईल, कोणी १००, आणि एखादा हुशार आळशी मुलगा ५००० सांगून मोकळा होईल. बरोबर कोण, यावर वाद होऊ द्या आणि तुम्ही मध्ये पडू नका. तिघेही बरोबर आहेत हे त्यांचे त्यांनाच कळले की ‘एकच उत्तर’ ही समजूत तिथेच सुटते. मग मागणारा ०.०००१ म्हणेल, त्याहून लहान काही म्हणेल, आणि देणारा कंटाळून विचारेल, ‘कोणताही एप्सिलॉन आला तरी चालेल असे एकदाच सांगू का?’ इथे पाठ न करता सूत्र आलेले असते. त्यानंतर १, −१, १, −१ … ही क्रमिका द्या आणि तिची सीमा १ आहे असा दावा करायला सांगा. मागणाऱ्याने एप्सिलॉन १ घेतला की देणारा अडकतो, आणि दावा मोडायला एकच एप्सिलॉन पुरला हे सगळ्यांना दिसते. सायकलच्या प्रश्नाचा संबंध इथे मुले स्वतः जोडतात. आधी कोण बोलते आणि नंतर कोण, हाच व्याख्येतला क्रम आहे : जळगावच्या सराफ्यात गिऱ्हाईक आधी किती अचूक वजन हवे ते सांगते आणि सराफ त्याप्रमाणे काटा काढतो, पण कोणीही काहीही मागितले तरी पुरेल असा एकच काटा काढून दाखवा म्हटले तर तो हसेल. एवढे झाल्यावर पुस्तकातली व्याख्या वाचायला द्या, आधी नको.

जोडीत बोलताना मुलांना मराठीत, अहिराणीत, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत बोलू द्या. सिक्वेन्स, लिमिट, बाउंडेड हे शब्द इंग्रजीच राहिले तरी बिघडत नाही. वाक्य मात्र त्यांचे असावे. एक मुलगा शेजाऱ्याला ‘माले नही समजनं’ असे जितक्या सहज म्हणतो, तितक्या सहज तो उभा राहून इंग्रजीत शंका विचारणार नाही. नंदुरबारकडच्या वाचकांच्या वर्गात भिलोरी आणि पावरी बोलणारी मुले असतील, त्यांनाही हेच लागू आहे. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असेल तर शेवटची दहा मिनिटे, झालेला युक्तिवाद चार इंग्रजी वाक्यांत मांडण्यासाठी राखून ठेवा. जर्नलमध्ये तेच पान लागेल, आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये ते नसल्याने उतरवण्याचा प्रश्नच येणार नाही.

थिअरीच्या तासाला एका वेळी एकच बदल करा. तासात एकदा थांबा आणि पुढची पायरी सांगण्याआधी ती विचारा. प्रथम वर्षाला |क्ष| चे शून्यापाशी विकलन शिकवण्यापूर्वी आलेख काढून दाखवा आणि त्या टोकाला स्पर्शिका किती, असे विचारा. एकही नाही, एक, दोन की अनेक? प्रत्येकाने आधी वहीत उत्तर लिहावे आणि मग हात वर करावा. लगेच बरोबर-चूक सांगू नका. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणावे आणि दोन मिनिटांनी पुन्हा हात मोजावेत. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस भौतिकशास्त्राच्या वर्गात ही पद्धत रुळवली. तिला पोर्शनमधली आठ-दहा मिनिटे लागतात, पैसा लागत नाही.

तरीही पोर्शन कसा पुरा होणार, हे तुम्ही विचाराल. फळ्यावर लांबलचक आकडेमोड करणे बंद करा. ती लिहून, तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकता येते. एखाद्या प्रकरणात दहा प्रमेये असतील तर ज्यांत नवी कल्पना आहे अशा तीन-चार सिद्धता वर्गात मुलांसोबत उभ्या करा आणि बाकीच्या वाचायला देऊन त्यांवर एकेक प्रश्न विचारा. तुम्ही सगळे फळ्यावर लिहिल्याने पोर्शन तुमच्यापुरता संपतो. तो मुलांपर्यंत पोहोचला नाही हे तुमच्याच चाचणीने सांगितले आहे.

‘मॅडम शिकवत नाहीत’ ही तक्रार पुन्हा होईल, हे गृहीत धरून चला. २०१९ साली लुई देलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की ज्या वर्गात विद्यार्थ्यांना स्वतः झगडावे लागले तिथे ते अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो अशी त्यांची भावना होती. गुळगुळीत व्याख्यान ऐकणाऱ्यांचे नेमके उलट झाले. डोक्याला ताण पडला की ‘समजत नाही’ असे वाटते, हे जगभर सारखेच आहे. म्हणून पहिल्याच दिवशी मुलांना सांगा की अडखळल्यासारखे होईल, ते अपेक्षित आहे आणि तुम्ही तिथेच असाल. शिवाय तासाची शेवटची पाच मिनिटे निष्कर्ष फळ्यावर स्वच्छ लिहून देण्यासाठी ठेवा. वहीत काहीतरी पडले पाहिजे, ही मुलांची मागणी रास्त आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री गावी त्यांच्या हाताशी ती वहीच असते.

विभागप्रमुख आणि प्राचार्य यांच्याशी शिक्षणशास्त्रावर चर्चा करत बसू नका. त्यांना निकाल हवा आहे, तर निकालाच्याच भाषेत बोला. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते आणि विद्यार्थ्यांना कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. हे आकडे परदेशातल्या सोयी असलेल्या महाविद्यालयांचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे उतरतील असा दावा मी करणार नाही. पण त्याच अभ्यासात पन्नास किंवा त्याहून कमी विद्यार्थ्यांच्या वर्गांत सर्वाधिक फरक दिसला होता, आणि तुमच्याकडचा तृतीय वर्षाचा गणिताचा वर्ग यापेक्षा मोठा असेल असे वाटत नाही. संख्या कमी म्हणून विभाग बंद पडेल की काय, ही चिंता करण्याच्या दिवसांत त्या कमी संख्येचा हा एक फायदा तरी घ्यावा. तुमच्या दोन चाचण्यांचे गुण, आधीचे आणि नंतरचे, एका कागदावर मांडून दिले तर प्राचार्य नक्की वाचतील.

ज्येष्ठ सरांच्या क्वेश्चन बँकेशीही भांडण नको. ती द्याच, पण तिच्यातले काही प्रश्न बदला. ‘पुढील सिद्धतेतील चूक शोधा’, ‘बाउंडेड आहे पण अभिसारी नाही अशा क्रमिकेचे उदाहरण द्या’, ‘या प्रमेयातील अमुक अट काढली तर काय बिघडते?’ अशा प्रश्नांची उत्तरे पाठ करून ठेवता येत नाहीत. अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत. निदान त्यांतला तिसरा हिस्सा अशा प्रश्नांवर ठेवा. जे परीक्षेत येते तेच मुले गांभीर्याने घेतात, आणि त्यासाठी त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

वेचणीच्या दिवसांवर तुमच्या किंवा माझ्या हातात उपाय नाही. कापूस फुटला की घरच्या माणसांना हात लागतात, आणि मुलीच आधी थांबवल्या जातात. तुम्हाला एवढेच करता येईल की ज्या कल्पनेवर पुढचे सगळे अवलंबून आहे ती ऑक्टोबरच्या आत शिकवून घ्यायची, आणि जोड्या अशा करायच्या की गैरहजर मुलीपर्यंत आठवड्याचा एक कागद पोहोचवण्याची जबाबदारी तिच्या जोडीदारिणीवर राहील. हजेरीवरून वर्गात बोल लावल्याने त्या परत येत नाहीत.

साधनांविषयी थोडक्यात लिहितो. जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर मोबाइलवर चालते आणि आलेखांसाठी उत्तम आहे. मात्र आलेख कसा दिसेल याचा अंदाज मुलांनी आधी वहीत काढावा आणि मगच पडद्यावर पाहावे, नाहीतर तोही एक फळाच ठरतो. माणसांच्या बाबतीत मात्र अधिक सांगायचे आहे. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा उन्हाळी कार्यक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिथे प्रश्न विचारत विचारतच शिकवले जाते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धाही असते. तुमच्याकडची एखादी मुलगी तिथे जाऊन आली तर ती परत येऊन बाकीच्यांशी ज्या पद्धतीने बोलेल, ते काम आपल्या दहा व्याख्यानांनी होणार नाही. अर्जाच्या तारखा बघून ठेवा आणि फॉर्म भरायला तिच्या शेजारी बसा, कारण पुष्कळदा सगळे तिथेच अडते.

हे सदर वाचणाऱ्या कायम प्राध्यापकांसाठी चार ओळी लिहितो. तासिका तत्त्वावरची व्यक्ती स्वतःच्या वर्गापुरता बदल करू शकते. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या यादीत आणि प्रॅक्टिकल परीक्षकांत आपण आहोत. पाठांतराचे प्रश्न आपणच काढायचे आणि मुले पाठांतर करतात म्हणून स्टाफरूममध्ये हळहळायचे, हे आता पुरे झाले. जर्नलवर सही करण्यापूर्वी त्यातले एक पान विद्यार्थ्याला तोंडी समजावून सांगायला लावले, तरी निम्मे चित्र बदलेल.

ताई, शेवटी तुमच्या नोकरीविषयी. तासिका तत्त्वावर मानधन घेतलेल्या तासांचे मिळते. तयारीचे, पेपर तपासण्याचे आणि सुटीचे मिळत नाही, आणि नेमणूक दरवर्षी नव्याने होते. अशा स्थितीत सगळे महाविद्यालय सुधारण्याचा भार अंगावर घ्या, असे सांगणे हा तुमच्यावर अन्याय होईल. म्हणून वर लिहिलेल्यातले एवढेच करा : हे वर्ष संपण्यापूर्वी तृतीय वर्षाच्या एका बॅचचे प्रॅक्टिकल या पद्धतीने घ्या आणि त्या बॅचच्या वह्या दुसऱ्या बॅचच्या वह्यांशी ताडून पाहा. त्यातून मुलांविषयीचे तुमचे मत बदलेल किंवा टिकेल, पण ते तपासलेले असेल. जाण्या-न जाण्याचा विचार त्यानंतर केवळ व्यवहाराच्या अंगाने करता येईल.

तो व्यवहारही नीट तपासा. क्लासने सांगितलेले मानधन महिन्याचे आहे की बॅचपुरते, सीईटी संपल्यावरच्या महिन्यांचे काय, रोज किती तास, धुळे-जळगाव जाण्या-येण्याचा खर्च आणि वेळ कोणाचा, पीएच.डी.साठी दिवसातला किती वेळ उरेल, हे सगळे त्यांच्याकडून लेखी मागून घ्या. बॅचेस संध्याकाळच्या किंवा शनिवार-रविवारच्या असतील तर इकडचे सकाळचे तास सांभाळून तिकडचे काही करता येते का, हेही विचारा. महाविद्यालयाची परवानगी लागेल का, याची कार्यालयात आधी चौकशी करा. घरच्या जबाबदाऱ्यांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. तुमच्या मानधनावर घर चालत असेल तर होकार द्यायला संकोच करू नका. तसे नसेल, तर क्लासकडे एका सत्राची मुदत मागा. सेट उत्तीर्ण आणि फळ्यावर एकही पायरी न गाळणारी गणिताची शिक्षिका त्यांनाही सहजासहजी मिळत नाही, तेव्हा ती मुदत ते बहुधा देतील.